कॅमेरा हातांवर आला तेव्हा

आमच्या गणपतीच्या कारखान्यावर माहितीपट करायला मीरा नावाची एक विद्यार्थिनी आली होती. मूर्तीचे डोळे मी कसे जिवंत करतो, हे मी तिला तासभर सांगत होतो. मग तिने कॅमेरा माझ्या चेहऱ्यावरून खाली, हातांवर आणला.

"आजोबा, आता बोलू नका. फक्त डोळे आखून दाखवा."

मी कुंचला उचलला. वर्षानुवर्षं सांगून सांगून तोंडाला एखादी गोष्ट खरी वाटू लागते. हातांना मात्र त्यांनी केलेलं असतं तेवढंच येतं. कुंचला पापणीपाशी थबकला.

"हे डोळे पहिल्यापासून माझ्या वहिनी आखतात," मी शेवटी म्हणालो. "कौतुक तेवढं मी घेतलं."

मग आत हाक मारली, "वहिनी, बाहेर या."

"चहा टाकलाय, भावोजी!"

"राहू द्या चहा. डोळे आखायचेत."

त्या पदराला हात पुसत आल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. "उठा मग," एवढंच म्हणाल्या.

मी उठलो. कॅमेरा माझ्यामागे आला नाही. तो तिथेच, त्यांच्या हातांवर राहिला.