कट्टी-स्टुलावरचा रविवार

नागपूर आले ते आधी नाकाला कळले. फलाटभर संत्र्यांच्या करंड्या रचल्या होत्या. मी नगरची शिक्षिका, नाताळच्या सुट्टीत मावसबहीण रूथकडे आले होते.

रविवारी ख्रिस्ती देवळात जाताना महाराजबागेजवळ आमच्या टांग्याचे चाक निखळले. पोचलो तेव्हा उपासना सुरू होऊन देऊळ गच्च भरलेले. रूथ दाराशीच दाटीत बसली. मला पुढे एक बुटके काळे स्टूल रिकामे दिसले, त्यावर मी टेकले. मागे खसखस पिकली.

शेजारच्या म्हातारीने माझा पदर ओढला. "ऊठ वं बाई! थे कट्टी-स्टूल हाय."

तिनेच कुजबुजत उलगडा केला. स्कॉटलंडात चुकलेल्या माणसाला देवळात सगळ्यांदेखत ज्यावर बसवत, ते 'कटी-स्टूल'. कुणा जुन्या साहेबाने इथेही तसे करून घेतले आणि नागपूरकरांनी त्याचे 'कट्टी' केले; त्यावर बसणाऱ्याशी महिनाभर कोणी बोलायचे नाही. आज मार्थाची पाळी होती. हिंदू राहिलेल्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तिने हळद लावून घेतली होती.

मार्था भिंतीशी उभी होती, रडून डोळे सुजलेले. देवळाचे कारभारी याकोबराव मला म्हणाले, "बाई, जागा खाली करा."

मी उठणारच होते, पण तिच्याकडे पाहून पाय उचलेनात. "पाहुणीला उठवता? बहिणीच्या लग्नाला मीही गेलेच असते."

"काहून ऐकून नाही राहिल्या तुम्ही?" त्यांचा आवाज चढला.

तशी म्हातारी उठली आणि माझ्या पायाशी फतकल मारून बसली. ती याकोबरावांची आई निघाली! "मले बी बसव गा. भावाच्या हळदीत मी तं नाचली होती, तुले कडेवर घेऊन!"

सगळे देऊळ हसले. याकोबराव लालेलाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. पाळकांनी घाईने पुढचे गीत सांगितले. म्हातारीने मार्थाला ओढून आपल्याजवळ बसवून घेतले.

दुपारी त्यांच्याच घरी आम्ही वडाभात (भातावर कुस्करलेले डाळीचे वडे) जेवलो. तिखटाने माझ्या डोळ्यांत पाणी आले. मार्थाला याकोबराव स्वतः आग्रहाने वाढत होते.

निघताना मार्था बहिणीला घेऊन स्टेशनवर आली. नव्या नवरीच्या हातात हिरवा चुडा. माझी वळकटी कोणी उचलायची यावरून दोघी भांडत होत्या; गाडी हलली तरी त्यांची बडबड चालूच.

नगरला सगळे विचारतात, किल्ला पाहिलास, तलाव पाहिलेस? नाही पाहिले. पुढच्या खेपेलाही जमेलसे वाटत नाही. गप्पा मारायला तिथे आता घरे फार झाली.