खरवसासाठी तीन तासांची वाट

सुनेला सातव्यात डोहाळा लागला खरवसाचा. सिडनीत सगळं मिळतं, चीक तेवढा मिळत नाही. त्याच आठवड्यात लेकाच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या हेलनने आपल्या शेतावरचा फोटो पाठवला: गाय व्याली होती. मी लगेच डबा घासला. विचारायचं काय त्यात? आमच्याकडे गाय व्याली की चीक शेजारीपाजारी जातोच. (मी सांगतेय, नात ईरा टाईप करतेय. चुका तिच्या, शहाणपण माझं.)

शनिवारी सकाळी सुनेला घरी ठेवून क्वेकर्स हिलहून निघालो. लेक गाडी चालवायला, ईरा माझ्याशेजारी. उत्तरेला तीन तास, रस्ता असा की पोटातलं पाणी हलत नाही. जाणार असाल तर दशम्या घरून न्या. वाटेतली कॉफी सहा डॉलरला, आणि तीही कोमट.

हेलन माझ्याच वयाची, गुडघेही माझ्यासारखेच कुरकुरणारे. गोठा नाही, नुसतं कुरण आणि तारा. तांबडी गाय उभी, वासरू ढुशा देत पीत होतं. गाईला दशमी भरवली आणि डबा पुढे केला.

हेलनने तो घेतला नाही. ईराशीच इंग्रजीत बराच वेळ बोलली, ईराने मला मराठीत सांगितलं. शेजारच्या विमानतळावर वर्षानुवर्षं आग विझवायचा सराव चालायचा, फेस फवारून. त्यातलं रसायन जमिनीत मुरलं, बोअरच्या पाण्यात उतरलं. ते ना कुजतं ना विरतं. गाई तेच पाणी पीत आल्या. आता दूध बंद, अंडी बंद, ओढ्यातले मासे बंद. गाई विकता येत नाहीत, आणि मारायला हेलनचा हात उठत नाही.

मी म्हटलं, मग वासरू तोड की आईपासून. बाटलीने पाज.

हेलनने मान हलवली. ईरा हळूच म्हणाली, "आजी, ते पोटातच मिळालेलं असतं त्याला. बिफोर ही वॉज बॉर्न."

रिकामा डबा घेऊन घरी परतलो. दारातच सुनेने पोटावर हात ठेवून विचारलं, "आई, मिळाला चीक?"

"गाय लाथाळ निघाली गं," मी म्हटलं. ईराने माझ्याकडे पाहिलं आणि डबा आत नेऊन ठेवला.

आता बाळ दोन महिन्यांचं आहे, गुटगुटीत आहे, म्हणून खरं सांगतेय. वासराचे फोटो येतात. तेही दिसायला गुटगुटीतच. सून पाजायला बसली की ढुशा देणारं ते वासरू डोळ्यांपुढे येतं, आणि मी उठून बाहेर जाते. तिला वाटतं, दृष्ट लागेल म्हणून.