गॅलरीतून कापलेली धवलारीण

माझी आई पुतळाबाई कुणाचं काही ठेवून घेत नाही. चांगलं वागलात तर टोपलीतलं पहिलं पापलेट तुमचं. वाईट वागलात तर देवसुद्धा तुमच्या मदतीला यायचा नाही, कारण देवांना बोलावणारी तीच आहे.

सकाळी ती बाजारात मासळी विकते आणि लग्नसराईत धवला गाते. धवला म्हणजे देवांना, पितरांना, घरच्या माणसांना नाव घेऊन लग्नाला बोलावणारं गाणं. आमच्या माहुलात भटजी उशिरा आला तर चालतं, पण धवलारणीशिवाय हळदीला कोणी हात लावत नाही. तिने ज्याचं नाव गायलं त्याने पुढे यायचं, नवऱ्यामुलाला नाहीतर नवरीला हळद लावायची. नाव नाही तर हळद नाही, आणि एकदा संपलेला धवला परत गात नाहीत. हल्लीच्या पोरींना डीजे लागतो, म्हणून गाणारी आता एकटी आईच उरली आहे.

नलिनी काकी म्हणजे आईची धाकटी जाऊ. तिच्या मुलाचं, प्रज्योतचं लग्न मुलुंडच्या बड्या लोकांत जमलं आणि बाईचे पाय जमिनीला लागेनात. आई त्या लग्नात घसा बसेपर्यंत गायली. दोन महिन्यांनी प्रज्योतने सगळ्या नातेवाइकांना ईमेल पाठवला, फोटोंच्या गॅलरीची लिंक. आईला ईमेल कुठला, माझ्याच पत्त्यावर आला.

"कल्पिता, दाखव बघू," आई बोलली. हात साबणाने धुऊन, पदराला पुसून माझ्या बाजूला बसली. मी एकेक फोटो पुढे सरकवत होते. मुलुंडचे लोक होते, त्यांचा कुत्रासुद्धा होता. हळदीच्या एका फोटोत कडेला गोंदलेला एक हात तेवढा दिसला, तांदळाचं ताट धरलेला. बाकीची बाई कापून टाकलेली.

"हात माझाच हाय," आई म्हणाली. "परत पयल्यापासून लाव."

परत लावली. दुसऱ्यांदाही तोंड कुठेच नाही. माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथे काकीला फोन लावला. तिला जराही लाज नाही. म्हणते, "अगं, लिंक अमेरिकेला गेलीय ना प्रज्योतच्या साहेबांना. नऊवारी नि तोंडात तंबाखू, कसं दिसतं ते? आम्ही छान छान तेवढे ठेवले."

फोन स्पीकरवर होता. आईने सगळं ऐकलं. मी म्हटलं, थांब, आता सगळ्यांनाच उलट ईमेल करते, काकीची अशी वाट लावते की बघच. आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"गप ऱ्हा. तिची पोर रोशनी अजून लग्नाची हाय."

एवढंच. त्यानंतर तो विषय काढला नाही. काकी भेटली की आई हसून बोलायची, कोलंबी निवडून द्यायची. मला राग यायचा. मला वाटायचं, म्हातारी विसरली. पण माझी आई विसरेल? पाण्यात राहून माशाशी वैर घेतलं होतं काकीने.

यंदा रोशनीचं लग्न ठरलं. काकी पैठणीचा बॉक्स घेऊन दारात हजर. "वहिनी, तुमच्याशिवाय कसं होणार?" आई म्हणाली, "साडी ऱ्हाऊ दे. मी येते."

मांडवात चारी बाजूंनी कॅमेरे होते. आई नऊवारी नेसून, तोंडात तंबाखू धरून बसली आणि गायला लागली. देव बोलावले, पितर बोलावले. काकाचं नाव घेतलं, आत्यांची घेतली, आळीतल्या एकेकीचं घेतलं. ज्याचं नाव आलं तो उठला, हळद लावून आला. काकी वाटी धरून उभी होती. दर ओळीला एक पाऊल पुढे टाकायची, नाव भलत्याचंच यायचं, परत मागे. शेवटी आईने फोटोवाल्या श्यामसुंदरचं नाव गायलं. तो बिचारा कॅमेरा गळ्यात अडकवून आला, हळद लावून गेला. आणि आईने धवला संपवला.

"वहिनी, माझं नाव?" काकीने वाटी पुढे करत विचारलं.

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. "नाय बसलं गं," म्हणाली आणि उठून पाणी प्यायला गेली.

काकी रडली. काका हात जोडून आले, मुलुंडचे व्याही मध्ये पडले. आई हलली नाही. पोरीचा काय दोष, असं लोक आजही आम्हाला ऐकवतात. ऐकवू देत. मला त्या दिवशी पोटभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? रोशनीच्या अंगाला सगळ्या माहुलची हळद लागली, तिच्या आईची तेवढी नाही.