ओव्यांची फ्लॉपी

सासूबाईंच्या ओव्या मी लिहून घेत असे. मालवणातून मुलुंडला येताना त्यांनी जातं गावीच ठेवलं, ओव्या मात्र सगळ्या सोबत आणल्या. माझ्या चार वह्या भरल्या. कुठली ओवी कुठल्या वहीत, हे घरात फक्त मला ठाऊक होतं आणि त्याचा मला तोरा होता.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी धाकट्या दिरांनी एक वापरलेला कॉम्प्युटर घरी आणला. माझी धाकटी जाऊ ऑफिसात तसल्याच यंत्रावर काम करायची. रविवारी मी ओव्या वाचायच्या आणि तिने त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, असं ठरलं. प्रत्येक ओवीची वेगळी फाइल, नाव म्हणून नुसता नंबर, आणि सगळ्या एकाच फ्लॉपीवर. मनात म्हटलं, आता शोधा! पण ओवीतला एखादा शब्द टाइप केला की तो ज्या ज्या फाइलींत असेल त्यांचे नंबर पडद्यावर यायचे.

"गावली गे, गावली!" सासूबाई टाळ्या पिटायच्या. दोन महिन्यांत त्यांनी एकही ओवी मला शोधायला सांगितली नाही. त्यांचं हसणं स्वयंपाकघरात ऐकू आलं की लाटणं माझ्या हातून जोरात दाबलं जायचं.

मग नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. सासूबाईंना हळदीला अबोलीच्या वेणीची ओवी म्हणायची होती. जावेने 'अबोली' टाइप केलं, शेवटी दोन 'ई' लावून. काहीच आलं नाही. मी मागेच उभी होते. ती ओवी टाइप करताना तिने शेवटी 'आय' लावला होता, मी पाहिलं होतं. तरी गप्प राहिले.

"टाइप करायचीच राहिली वाटतं," ती ओशाळून म्हणाली.

मी तिसरी वही आणून पान उघडलं. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात फिरवला. जाऊ मान खाली घालून तीच ओवी पुन्हा टाइप करायला बसली. मला गोड वाटलं, पण फार तर पाच मिनिटं.

"अगं, आहे ती आत. शेवटी आय लावून बघ."

ओवी आली. तिने मागे वळून पाहिलं. "वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मघाशी का नाही बोललात?"

मी वही मिटून आत गेले. पुढचे दोन रविवार ती कॉम्प्युटरपाशी बसलीच नाही. तिसऱ्या रविवारी मी चहा घेऊन गेले. "मला शिकव ना शोधायला," म्हटलं. तिने शेजारी स्टूल ओढलं. मी 'माहेर' टाइप केलं आणि भराभर नंबर येत गेले. हरखून गेले. आणि हे तिला माझ्याआधी जमलं म्हणून जळलेही.