फीत कापायच्या आधी

अमरावतीत युद्ध आणि समकालीन इतिहासाचं संशोधन केंद्र उभं राहिलं, तेव्हा लढाई पाहिलेली माणसं शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी अकोल्याचा, इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. म्हणजे फुकटात मिळणारा माणूस.

पातूरजवळच्या खेड्यात एक म्हातारे सैनिक सापडले. एकाहत्तरच्या लढाईत ते वायरलेसवर होते. अख्खी लढाई त्यांनी कानांनी पाहिलेली. आता घशात गाठ होती आणि डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. जे सांगायचं ते त्याआधीच सांगायला हवं होतं.

केंद्रातली ध्वनिमुद्रणाची खोली तयार होती. यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, दाराला लाल फीत. संचालक म्हणाले, "सर, लोकार्पणाआधी वापरली तर मंत्रीमहोदय काय म्हणतील?" आमच्याकडे पूल असो, दवाखाना असो की मुतारी, बांधून झाली की आधी मंत्र्यांची वाट पाहते. इतिहासानंही पाहावी.

मी मोबाईल काढला, तर म्हातारे भडकले.

"मोबाईलात त लग्नातले नाच भरतेत, सर! जलमभर माह्या गोष्टीले घरचे बी हासले. मी त्या खोलीतच बोलीन."

"बाबाजी, खोली उघडून नाही राहिले ते."

"मंग थांबतो. तिकडं बी हुकमासाठी थांबलोच होतो ना."

मंत्र्यांची तारीख पुढे पुढे गेली. गाठ थांबली नाही.

लोकार्पणाच्या दिवशी त्यांना व्यासपीठावर बसवलं. मंत्र्यांनी शाल घातली, ती नेमकी गळ्यातल्या नळीवर. निवेदिका गोड आवाजात म्हणाली, "बाबाजी आता दोन शब्द बोलतील." टाळ्या झाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून माईक बाजूला केला. तेव्हा मला ज्या शिव्या सुचल्या, त्या कुठल्याही शोधनिबंधात चालल्या नसत्या.

मग त्यांना खोलीत नेलं. प्लास्टिक निघालं. फोटोसाठी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. त्यांचा हात जुन्या सवयीनं टेबलावर बटण शोधत फिरला.

तो फोटो आता केंद्राच्या दारात आहे, माणसाहून मोठा. खाली ओळ: 'युद्धाच्या आठवणी सांगताना ज्येष्ठ सैनिक.' मी संचालकांना म्हणालो, हे धडधडीत खोटं आहे, काढा.

"सर, मंत्रीमहोदयांनी पाहिलाय तो फोटो. आता कसा काढणार?"

यंत्र पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलंय. धूळ बसते म्हणे.