शुभदाच्या लाल गाडीचं ऑइल सील

शुभदा नावन या आयरिश गावातल्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. "दिवसभर माणसांना झोपवते आणि सुट्टीत इंजिनाला जागं करते," असं ती स्वतःच हसत सांगायची. नागपूरला लहानपणी वडील स्कूटर उघडून बसले की ही शेजारी उकिडवी बसायची; पण पान्याला हात लावला रे लावला की, "राहू दे, हात काळे होतील," असं ऐकायला मिळायचं. आता पंचेचाळिशी उलटल्यावर ती मनसोक्त हात काळे करत होती.

गाडी तिला गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात सापडली होती. लाल, बुटकी, साधारण तिच्याच वयाची. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. सँडीफोर्डला सॉफ्टवेअरच्या नोकरीला जाणाऱ्या तिच्या नवऱ्याने, राजीवने, गाडीभोवती एक चक्कर मारून विचारलं, "कोंबड्या पण घ्यायच्यात का?"

दोन हिवाळे शुभदाने ते इंजिन सुटं केलं, घासलं, पुन्हा जोडलं. ते पहिल्यांदा धडधडलं तेव्हा राजीव गॅरेजातच नाचायला लागला. पण त्याचा नाच संपायच्या आत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल टपकायला लागलं. शुभदाचं तोंड एवढंसं झालं.

इंजिनातला क्रँकशाफ्ट, म्हणजे तो फिरणारा लोखंडी कणा, जिथे मागून बाहेर डोकावतो तिथे रबराचं एक कडं बसवतात. तेच ऑइल सील. त्याचा आतला पातळ ओठ शाफ्टला चहूबाजूंनी बिलगला, तरच तेल आत राहतं. इंजिन पुन्हा बाहेर काढून पाहिलं, तर शाफ्टच्या धारदार कडेवरून सरकवताना हा ओठ एका जागी उलटा दुमडला होता. तिने दोन नवी सीलं मागवली. एकाच्या ओठाला तेल चोळलं, श्वास रोखून ते सरकवलं. पुन्हा दुमडला! ते तसंच काढून ठेवून ती हात धुवायला गेली.

त्याच आठवड्यात सासूबाई, पद्मजाताई, नागपूरहून आल्या होत्या. चैत्रातलं हळदीकुंकू इथेही व्हायलाच हवं म्हणून बॅगेत हिरव्या काचेच्या बांगड्या कपड्यांत गुंडाळून आणलेल्या. त्या दिवशी आलेल्या बायकांपैकी शेजारची बर्नी कैरीची डाळ खाऊन खूश झाली आणि बांगड्यांसाठी हात पुढे करून बसली. जन्मभर गाई राखलेला तो हात. बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली.

"थांब वं माय, ओढू नको, फुटन!" सासूबाई म्हणाल्या. "शुभदा, मले एक प्लास्टिकची थैली दे."

त्यांनी बर्नीच्या हातावर पिशवी चढवली, वरून बांगडी सरकवली. ती सुळकन मनगटावर गेली. मग पिशवी अलगद ओढून काढली.

"ग्रँड!" बर्नी खुशीत ओरडली. "इट्स ओन्ली ग्रँड!"

शुभदा मात्र कुंकवाचा करंडा हातात धरून तशीच उभी राहिली. "आई," ती म्हणाली, "पुन्हा एकदा करून दाखवा."

"आता काऊन?"

"दाखवा ना!"

दुसरी बांगडी बर्नीच्या मनगटात पोचायच्या आत शुभदा काठाच्या साडीवर एप्रन चढवून गॅरेजात होती. तिने दुधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीचा पट्टा कापला, शाफ्टच्या कडेवर गुंडाळला, तेल लावलं आणि त्यावरून उरलेलं नवं सील सरकवलं. सील पुढे गेलं, कुठेही अडलं नाही. सपाट लाकूड ठेवून तिने ते गोल गोल फिरत हलक्या हाताने ठोकत सरळ बसवलं आणि पट्टा ओढून घेतला. टॉर्चच्या उजेडात ओठ सगळीकडून शाफ्टला चिकटलेला दिसत होता.

"बसलं!" ती इतक्या जोरात ओरडली, की हळदीकुंकवाच्या सगळ्या बायका गॅरेजात आल्या. सासूबाईंनी इंजिनाकडे वाकून पाहिलं आणि हातातल्या चिमटीतलं कुंकू त्यालाच लावून टाकलं.

पुढच्या रविवारी इंजिन गाडीत गेलं. राजीवने खाली पांढरा पुठ्ठा अंथरला आणि इंजिन चालू असताना सगळे त्याकडे टक लावून बसले. पुठ्ठा कोराच राहिला. राजीवचा नाच या वेळी पुरा झाला. बर्नीने त्याला साथही दिली.

मग शुभदाने सासूबाईंना पुढे बसवलं आणि गाडी जवळच्या टाराच्या टेकडीकडे काढली. मेंढ्या, हिरवी कुरणं, अरुंद रस्ता. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करत होता.

"तुह्या एवढ्या ओळखी हायेत इथं?" सासूबाईंनी विचारलं.

"एकही नाही, आई. इथली रीतच आहे."

"बाप्पा!" म्हणत सासूबाईंनी काच खाली केली. समोरून एक ट्रॅक्टर येताना दिसताच त्यांनी एक बोट नव्हे, अख्खा हात बाहेर काढून हलवला. ट्रॅक्टरवाल्यानेही टोपी काढली. शुभदाला हसू आवरेना, आणि गाडी मजेत चढ चढत राहिली.