कोरड्यांची झोकांडी

डॉ. विशाखा खरात पेशंट समोर बसला की हातोडी नंतर काढते, आधी नाक पुढं करते. सरळ त्याचं तोंड हुंगते. नवे शिकाऊ डॉक्टर माना खाली घालून हसतात. ती म्हणते, "हसा. तुमच्या स्कॅनला नंबर लागायला महिना जातो. माझं नाक आत्ता रिकामं आहे."

हुंगण्याला कारण आहे. आपल्याकडं माणूस झोकांड्या खात दवाखान्यात आला, की नाव-गाव विचारायच्या आधी केसपेपरवर एक शब्द पडतो. दारू. मग त्याला एक सलाईन, दोन शिव्या आणि घरचा रस्ता. विशाखा शिकाऊ होती तेव्हा एक गवंडी असाच आलेला. भिंतीला धरून उभा, जीभ जड, आणि रडत एकच सांगत होता, "घेतली नाय हो, लेकराची आण." कुणी ऐकलं नाही. विशाखानंही नाही. पुढं मुंबईत मेंदूचं मोठं शिक्षण घेताना एका धड्यात तिला तो गवंडी जसाच्या तसा सापडला. रोगाचं नाव अटॅक्सिया. डोक्याच्या मागच्या बाजूला तोल सांभाळणारा लहान मेंदू असतो, तो हळूहळू वाळत जातो. आधी पाय बिघडतात, मग हात, मग बोलणं. बऱ्याचदा घराण्यातून चालत येतो. औषध नाही.

त्या दिवशी तिनं ठरवलं, आयुष्य याच रोगाला द्यायचं. औषध नसलेल्या रोगाला! खाजगीवाल्या मित्रांनी कपाळाला हात लावले.

तशी ती हट्टी घरचीच. शहरातल्याच भावसिंगपुऱ्याकडच्या वस्तीत बापाचं सायकल पंक्चरचं दुकान. पोरगी शिकून परत आली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "मेंदूची डॉक्टर? म्हंजी येड्यांची का गं?" ती म्हणाली, "नाही मावशी. येडे बाहेर मोकळे हिंडतात. मी आजाऱ्यांची." लग्न झालं, नवरा अतुल शिक्षक. सासरच्यांनी हौसेनं नवं नाव काढून ठेवलं होतं. ही म्हणाली, डिग्रीवर विशाखा आहे आणि डिग्री माझ्या बापाच्या हवापंपावर निघालीय. वर्षभर सासूचे गाल फुगलेले होते. नंतर सासूला अर्धांगाचा झटका आला आणि सुनेनं वेळेत ओळखला, तेव्हा गाल उतरले.

सरकारी दवाखान्यातल्या नोकरीत तिचा साहेब म्हणजे विभागप्रमुख. सगळं खातं त्यांना तात्यासाहेब म्हणायचं. माणूस वाईट नव्हता, आळशी होता. विशाखानं अटॅक्सियाच्या संशोधनाचा कागद पुढं केला तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "असले रोग पुस्तकात असतात बाई. आपल्या लोकांचा रोग एकच. देशी."

"सर, तुम्ही हुंगून बघितलंय का कधी?"

"काय?"

"पेशंट."

सही मिळाली. पैसा मिळाला नाही. स्वतःच्या स्कूटीवर गावोगाव हिंडून ती झोकांड्या खाणारी घराणी शोधू लागली. गावात चौकशी केली की लोक उत्साहानं दारुड्यांची घरं दाखवायचे. रोगाचं नाव सांगितलं तर म्हणायचे, "टॅक्सी? टॅक्सीचा बी आजार निघाला का आता?"

अशात शिवराज आला. करमाडचा गडी, शेंद्र्याच्या एका कारखान्यात मशीनवर. ऐन चाळिशीतला. ओपीडीच्या दारातून टेबलापर्यंत येताना त्यानं दोन खुर्च्या आणि एक नर्स धरली. विशाखानं नाक पुढं केलं. शेंगदाण्याची चटणी. बाकी काही नाही.

"कंपनीनं घरी बसवलंय मॅडम," तो म्हणाला. जीभ जाड झालेली. "म्हणत्यात, पिऊन येतो. गेटवर मशीनमधी फुंकाय लावलं. मशीन म्हणलं, नाय. तर साहेब म्हणत्यात मशीन बिघडलंय!"

"मग?"

"मग चौकशी. आजार हाय म्हणतो ना, तर त्याचं नाव आणि पुरावा आण. नाय तर कायमचं घरी." मग खाली बघत म्हणाला, "नोकरीचं जाऊ द्या, मॅडम. माझा ऋतुराज नववीला हाय. पोरं त्याला 'क्वार्टर' म्हणून हाक मारत्यात."

विशाखानं त्याला व्हरांड्यातल्या फरशीच्या रेघेवरून चालवलं, बोट नाकाला लावायला लावलं. बोट डोळ्यात जाता जाता वाचलं. रोग कुठला, तिला दिसत होतं. पण तिला दिसून कंपनीला काय? रक्त तपासायला पाठवलं तर नेहमी सापडणारे सगळे प्रकार निल. दुर्मीळ प्रकार तपासणारी प्रयोगशाळा लांबची, आणि तिचा नियम कडक. एकट्या माणसाचं रक्त घेणार नाही, घराण्यातला आणखी एक तरी आजारी माणूस दाखवा.

बापाकडचं घराणं ठणठणीत. शिवराजचा बाप कडूबा पंचाहत्तरीतही बांधावरून तारेवरच्या डोंबाऱ्यासारखा चालायचा. राहिली आई. लक्ष्मीबाई. शिवराज लहान असतानाच विहिरीत पडून गेली. तिच्या माहेरच्यांनी 'ढकलली' म्हणून आरडाओरडा केला, तेव्हापासून दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद. शिवराजला एवढंच ठाऊक, की माहेर बिडकीन, आडनाव कोरडे. कडूबाला विचारलं तर तो थुंकला. "त्या घराचं नाव काढू नका."

विशाखा एकटी बिडकीनला गेली. तिथं कोरड्यांची अख्खी गल्ली. जुनं भांडण आठवून दारं बंद होऊ नयेत म्हणून सासरचं गाव न काढता तिनं घरोघर विचारलं, इथली लक्ष्मी कोणाची? सगळे हात वर. "आमच्या भावकीत लक्ष्मी नावाची पोरगीच नव्हती, मॅडम. दुसरं गाव असंल." पुन्हा गेली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठलं. तेच उत्तर. कोणी दडवत होतं असंही वाटेना. इकडं चौकशीची तारीख जवळ आली. तात्यासाहेब म्हणाले, "सोडा आता. एखादा खरंच पीत असतो."

तिचं डोकं सटकलं. स्कूटी करमाडला कडूबाच्या ओट्यापुढं उभी केली आणि हेल्मेट न काढताच सुरू झाली.

"बाबा, तुमची बायको आभाळातून पडली होती का? माहेरात तिला एक माणूस ओळखत नाही!"

"कशी वळखतील?" कडूबा तंबाखू मळत म्हणाला. "तिथं तिला लक्ष्मी कोण म्हणत हुतं."

"म्हणजे?"

"लक्ष्मी आमी ठिवलं. लग्नात. ताटात तांदूळ पसरले, मामानं माझा हात धरून अंगठीनं लिवून घेतलं. मला कुठं लिवाय येतं?"

"मग तिचं खरं नाव?"

म्हातारा लाजला. आयुष्यात त्यानं बायकोला 'अगं' सोडून काही म्हटलं नव्हतं. "चंपा. चांगलं हुतं नाव. पर आमच्या आईचं बी नाव चंपाबाई. सुनेला 'ए चंपे' म्हणलं की सासूनंच वळून बघितलं असतं. घरात भांडणं नको म्हणून बदाललं."

विशाखानं हेल्मेट काढून ओट्यावर आपटलं. राग कडूबावर नव्हता. जिनं स्वतःच्या नावासाठी सासर अंगावर घेतलं, ती दुसऱ्या बाईचं नाव विचारायलाच विसरली होती! आपल्या शहराचं नाव बदललं तेव्हा हरकतींचे ढीग लागले, कोर्टकचेऱ्या झाल्या. बाईचं नाव बदलायला एक ताट तांदूळ पुरतात, आणि तिच्यामागं तिचं अख्खं माहेर पुसलं जातं. आजार मात्र नाव बदलत नाही. तो हुंड्यासारखा गुपचूप बरोबर येतो.

यावेळी ती शिवराजला घेऊनच बिडकीनला गेली. चंपा म्हणताच गल्लीत तोंडं उघडली. "आरं, कचरूची बहीण! ती झुलत चालायची ती!" विहिरीच्या काठावर चंपाला कोणी ढकलायची गरजच नव्हती, हे विशाखाला तिथंच कळलं.

कचरूच्या दारात त्याची लेक दीपमाला आडवी उभी राहिली. शिवराजला झुलताना बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. पण जीभ नाही.

"आमच्यात काय आजार-बिजार नाय मॅडम. बाप पितो आमचा."

"पितो?"

"व्हय, पितो! लिहून घ्या. माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक चालू हाय. दारुड्याच्या पोरीला नवरा मिळतो, सगळ्या गावात मिळतो. रोगाच्या घराण्यातल्या पोरीला मिळतो का, सांगा?"

विशाखानं उघडलेली वही मिटली. नोकरीच्या दहा वर्षांत तिला कोणी असं उघडं बोलून अडवलं नव्हतं. एका घराला दारूचा डाग पुसायचा होता, दुसऱ्याला तोच डाग अब्रूवर पांघरायचा होता. आणि दोघांचंही म्हणणं खरं.

शेवटी ती म्हणाली, "ताई, माझ्या कागदावर नाव नसतं. बाईला गोल, गड्याला चौकोन. आजारी असेल तर आतून काळा. गावात कोणाला कळणार नाही. पण हा चौकोन तुझ्या आत्याचा मुलगा आहे. याला बेवडा म्हणून घरी बसवतायत."

आतून काहीतरी पडल्याचा आवाज झाला. भिंत धरत, चौकट धरत कचरू बाहेर आला. गळ्यात तुळशीची माळ.

"दीपे, बास झालं," तो म्हणाला. शब्द शिवराजसारखेच, ओल्या पोत्यासारखे जड. "आडनाव कोरडे, गळ्यात माळ, आन् वीस वर्सं गावाच्या तोंडून दारू पितोय मी. तुमच्या लग्नांसाठी गप बसलो." मग शिवराजकडं बघितलं. "चंपीचा का?"

"व्हय, मामा."

"बस खाली. पडशील."

दोघं एकमेकांना धरून बसायला गेले आणि दोघंही पडले. दीपमाला रडता रडता हसली. मग तिनंच बापाची बाही वर केली. "घ्या. पर धाकटीचं लगीन होईस्तवर तोंड बंद."

"माझं तोंड फक्त साहेबांपुढं उघडतं," विशाखा म्हणाली आणि सुई काढली.

चौकशी एकदा पुढं ढकलली गेली, तेवढ्यात निकाल आला. मामा-भाचे दोघांच्या रक्तात तोच दुर्मीळ बिघाड. विशाखानं शिवराजला बसवून सगळं सरळ सांगितलं. हा आजार बरा होत नाही, वाढत जातो. व्यायामानं तोल थोडा जास्त दिवस टिकेल, एवढंच हातात. शिवराजनं मान डोलावली, कागद मागितला, आणि तसाच धडपडत बाहेर गेला. विशाखाला वाटलं, रडायला गेला असेल.

तो पेढे घेऊन आला. नर्सला दिला, शिपायाला दिला, रांगेतल्या पेशंटांना दिला. तात्यासाहेब आले, त्यांनाही दिला.

"काय रे, पोरगं झालं का?"

"नाय साहेब. माझा मेंदू वाळतोय."

तात्यासाहेबांचा पेढा तोंडाशीच थांबला.

"कागद आलाय," शिवराज छाती काढून म्हणाला. "मी पीत नव्हतो."

कंपनीनं त्याला परत घेतलं, स्टोअरमध्ये बसून करायच्या कामावर. पण ते पुढचं. त्या दिवशी पेढे संपल्यावर तो पुन्हा विशाखाच्या टेबलाशी आला आणि हळू विचारलं, "ऋतुराजला?"

"असू शकतो, नसूही शकतो. छापा-काटा आहे. अठरा पूर्ण झाल्यावर, त्याला हवं असेल तरच तपासायचं. तू ठरवायचं नाही, मी पण नाही."

शिवराजनं पेढ्यांचा रिकामा पुडा घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाला, "लई अवघड बोलता तुम्ही, मॅडम. घरी येऊन तुम्हीच सांगा त्याला. मी सांगाय लागलो तर माझी जीभ अशी, पोरगं म्हणंल, बाप पिऊन बोलतोय."

विशाखानं रांगेकडं बघितलं. अजून बरीच माणसं भिंतीला धरून उभी होती.

"रविवारी येते," ती म्हणाली, आणि पुढच्या पेशंटकडं नाक वळवलं.